बाहुलीला परकर-पोलकं आणि नऊवारी शिवताना

माझं पहिलं पोलकं खणाचं होतं. ते घालून बाहुली उभी केली, तर अंगाला गादी गुंडाळल्यासारखी दिसली. माप बरोबर होतं, टाके सरळ होते, कापडही चांगलं. आणखी दोन पोलकी वाया गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. बार्बीच्या मापाची बाहुली माणसाच्या साधारण सहाव्या हिश्शाची. आपण लांबी-रुंदी सहाव्या हिश्शावर आणतो, पण कापडाची जाडी काही कमी होत नाही. आपल्या अंगावरचा खण तिच्या अंगावर घोंगडीइतका जाड ठरतो. कापड निवडण्यापासून बटण लावण्यापर्यंत सगळी मारामारी या जाडीशीच आहे.

मूळ बार्बी करणाऱ्यांनाही ती चुकली नव्हती. ही बाहुली ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडली गेली. उंची साडेअकरा इंच, म्हणजे २९ सेंमी. तिचे सुरुवातीचे कपडे शार्लट जॉन्सन यांनी डिझाइन केले आणि जपानमध्ये बायकांनी घरी बसून ते शिवले. त्या कपड्यांना अस्तर असायचं, इवल्या झिपा असायच्या. बाहुलीची कंबर इतकी बारीक का, याचं एक कारण असं सांगतात की कंबरेशी कापडाचे थर एकावर एक येतात, आणि कंबर मुळात बारीक नसेल तर कपडे घातल्यावर ती दिसतच नाही. त्या कंबरेवर बाकी कितीही टीका करा (मीही करते), शिवणाऱ्याला हे कारण लगेच पटतं.

बाहुलीचे जुन्या पद्धतीचे कपडे म्हटलं की बहुतेक जण पन्नाशीच्या दशकातले घेरदार फ्रॉक शिवतात. आमच्या वेंगुर्ल्याकडे जुनं म्हणजे परकर-पोलकं, लुगडं, डोक्यात अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. मी तेच शिवते. त्यासाठी लागणारं निम्मं सामान कोकणातल्या घरात आधीच पडलेलं असतं, हा आणखी एक फायदा.

कापड: जितकं विरलेलं तितकं चांगलं

दुकानात जाण्याआधी ट्रंक उघडा. आजीचं, आईचं सुती लुगडं, जे वाकळीसाठी ठेवलंय पण वाकळ काही होत नाही, ते काढा. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन त्याचा धागा मऊ आणि पातळ झालेला असतो. बाहुलीला नेमकं हेच हवं. उजेडासमोर धरलं की पलीकडची बोटं दिसली पाहिजेत, पण ताणल्यावर टरकायला नको. पदराजवळचा भाग सहसा सगळ्यात धड असतो. बसायच्या जागेचं कापड घेऊ नका, तिथला धागा मेलेला असतो.

नवीन घ्यायचं असेल तर मलमल, व्हॉइल किंवा ब्लाऊजसाठी मिळतं ते टू बाय टू रुबिया. टू बाय टू माझं सगळ्यात आवडतं: रंग भरपूर, वीण घट्ट, धागे फारसे सुटत नाहीत आणि पाव मीटरमध्ये चार पोलकी होतात. बाजारातल्या टेलरकडे चिंध्यांची पिशवी मागितली तर बहुधा फुकट मिळते. फक्त चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात जाऊ नका. त्या दिवसांत त्याला मान वर करायला फुरसत नसते.

खण वापरायचाच असेल तर तो फक्त दिसेल तिथे लावा, म्हणजे बाह्यांच्या पट्टीला नाहीतर पोलक्याच्या पुढच्या तुकड्याला. गुळेदगुड्डच्या खणावरची बुट्टी मुळातच बारीक असते, त्यामुळे ती बाहुलीला शोभते. छापील कापडाचा हिशोबही सहाने करायचा. कापडावरचं एक सेंमीचं फूल बाहुलीच्या अंगावर सहा सेंमीचं दिसतं, म्हणजे जास्वंद. ठिपके, बारीक चौकडी आणि काडी रेघ यांवर भागवावं.

कापण्याआधी प्रत्येक कापड मिठाच्या कोमट पाण्यात भिजवा आणि पांढऱ्या फडक्यावर ओलंच दाबून बघा. फडक्याला रंग लागला तर पुन्हा धुवा. मीठ रंग पक्का करेलच असं नाही. खरी खात्री फडक्यावरूनच होते. मी ही पायरी एकदा गाळली होती. लाल परकर घातलेली भाचीची बाहुली एक पावसाळा कपाटात राहिली आणि बाहेर काढली तेव्हा तिचे पाय गुडघ्यापर्यंत गुलाबी. पुटकुळ्यांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम डागावर लावून चार-पाच दिवस उन्हात ठेवल्यावर बराचसा डाग गेला, पण एका पोटरीवर जरा जास्तच पांढरं झालं. भाची म्हणते, कोड आलंय. तेव्हापासून गडद रंगाच्या प्रत्येक कपड्याला आतून पांढऱ्या मलमलीचं अस्तर लावते.

माप घ्यायचं नाही, साचा काढायचा

टेप लावून छाती, कंबर, नितंब मोजता येतात, पण त्यावरून पोलकं बेततो म्हटलं तर बगलेत हमखास फसतं. त्यापेक्षा बाहुलीच्या धडाला स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म घट्ट गुंडाळा. तिच्यावर रंगकाम करणारे लावतात ती कागदी टेप लहान तुकड्यांत चिकटवा, कुठेही सुरकुती पडू न देता. आता पेनने तिच्यावर रेघा मारा: पुढचा मध्य, मागचा मध्य, दोन्ही कडा, खांदे, गळा, बगलेचा गोल आणि छातीवरून जाणारी आडवी रेघ. मागच्या मध्यावर बारीक कात्रीने कापून हा सगळा चिलखताचा प्रकार अंगावरून काढा आणि खांद्यात व कडेला कापून पुढचा-मागचा भाग वेगळा करा.

मागचा भाग टेबलावर सपाट बसतो. पुढचा बसत नाही, छातीशी फुगतो. तिथे कंबरेकडून छातीच्या टोकापर्यंत एक काप द्या. तो काप उघडून जो त्रिकोण होतो, तोच तुमचा टक्स. हा कागद पुठ्ठ्यावर उतरवा, चारी बाजूंनी ५ मिमी दाब (शिवणीबाहेरचं कापड) सोडा आणि मागे उघडायच्या जागी ८ मिमी. बाहुलीचं डोकं गळ्यातून जात नाही, म्हणून उघडणं मागेच ठेवावं लागतं.

पुढचा-मागचा साचा एकदा जुन्या मलमलीवर कच्च्या टाक्याने जोडून बाहुलीवर घालून बघा. हा कंटाळवाणा उद्योग आहे, पण पाच मिनिटांचा आहे.

पोलकं

साचा कापडावर ठेवून शिवणीची रेघ मऊ पेन्सिलने काढा आणि लगेच कापू नका. लहान तुकडा मशीनखाली गेला की सुई खाली जाते त्या भोकात ओढला जातो आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो. म्हणून आधी शिवण, मग कापणी. कापडाखाली पातळ ट्रेसिंग पेपर ठेवा, टाका दीड ते दोन मिमीचा, सुई ९ किंवा ११ नंबरची. शिवून झालं की कागद फाडून काढा. वर्तमानपत्र मात्र नको, शाई कापडाला लागते.

पोलक्याचा क्रम मोठ्या ब्लाऊजसारखा नसतो. आधी पुढचे टक्स. मग खांदे जोडा, कापडाचे वेगळे आणि अस्तराचे वेगळे. आता अस्तर सुलट्यावर सुलटं ठेवून गळ्याभोवती आणि मागच्या दोन्ही उभ्या कडांना शिवा. गळ्याच्या गोलाला दर ३ मिमीवर कात्रीचे चिमुकले काप द्या, टाक्याला न लागता. दाबाचं कापड २ मिमी ठेवून बाकीचं छाटा. खांद्यातून तुकडे ओढून सुलटे करा. कोपरे बाहेर काढायला उदबत्तीची काडी पुरते. ही छाटणी टाळली तर जाडी पुन्हा आलीच: गळ्याशी चार थर बसतात आणि कॉलर असल्यासारखा उंचवटा येतो.

फुग्याच्या बाहीसाठी बगलेच्या गोलाच्या पावणेदोनपट रुंद तुकडा घ्या. वरच्या कडेला दोन ओळी धावदोरा घाला, एक शिवणीच्या रेघेच्या आत आणि एक बाहेर, आणि दोन्ही दोरे एकदम ओढा. एकाच ओळीने ओढलं की चुण्या लोळतात. सगळ्या चुण्या खांद्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक सेंमीत गोळा करा आणि बगलेखाली कापड सपाट ठेवा, नाहीतर बाहुलीचा हात खाली येत नाही, ती कायम ट्रॅफिक पोलिसासारखी उभी राहते. बाहीच्या खालच्या कडेला काठाची पट्टी लावा.

बाह्या पोलकं सपाट उघडलेलं असतानाच लावून घ्यायच्या. त्यानंतर बाहीची खालची शिवण आणि कडेची शिवण एका दमात, पट्टीपासून कंबरेपर्यंत. बगलेच्या कोपऱ्यात दोन काप द्या.

आता मागची बटणं. हुक आणि लूप सुंदर दिसतात पण उंचवटा करतात. सगळ्यात लहान टिचबटणं घ्या, शक्यतो स्टीलची. ती मिळाली नाहीत तर एका बाजूला मणी आणि दुसऱ्या बाजूला दोऱ्याचा फासा करा. जुनी पोलकी तशीच तर असायची. धागे सुटू नयेत म्हणून उघड्या कडांना पाणी घातलेला फेविकॉल टाचणीच्या टोकाने लावायचा, ब्रशने नाही. ब्रशने कापड पुठ्ठा होतं.

बाहुलीला पोलकं घालताना तिच्या हाताच्या पंजावर दुधाच्या पिशवीचा छोटा तुकडा चढवा. बोटं अस्तरात अडकत नाहीत आणि बाही सुळकन जाते.

परकर

परकरात चुण्या घालू नका, प्लेट्स घाला. चुण्यांनी कंबर फुगते. पण प्लेट म्हणजेसुद्धा तीन थर आले, वर पट्टीचे थर वेगळे. मी यावर एक पळवाट काढली आहे. प्लेट्स कंबरेवर आणायच्याच नाहीत. मलमलीचा सपाट पट्टा कंबरेपासून दोन सेंमी खालपर्यंत घ्यायचा आणि प्लेट्स त्याच्या खालच्या कडेला जोडायच्या. वरून पोलकं येतं, पट्टा झाकला जातो.

हिशोब असा. पट्ट्याच्या खालच्या कडेचा घेर माझ्या बाहुलीवर ११ सेंमीच्या आसपास भरतो. दिसणारी प्लेट ६ मिमी आणि आत जाणारं कापड १२ मिमी, म्हणजे एका प्लेटला १८ मिमी. अठरा प्लेट्स घातल्या की १०.८ सेंमी होतात आणि कापड लागतं ३२.४ सेंमी. दोन्ही टोकांना एक-एक सेंमी सोडून साडेचौतीस सेंमी कापायचं. तुमच्या बाहुलीचा घेर वेगळा असेल तर घेराला ६ मिमीने भागा, तेवढ्या प्लेट्स.

खालची कड म्हणून साडीचा काठच ठेवा. काठाला दुमडायचं नसतं, म्हणजे तळाशी एक थर वाचतो आणि परकर सरळ पडतो. दीड सेंमीचा काठ परकराला बरोबर दिसतो. आपल्या मापात तो नऊ सेंमीचा झाला. मोठ्या काठाची साडी असेल तर काठाची फक्त शेवटची पट्टी घ्या, तो मधोमध कापला तरी कुणाला कळत नाही.

प्लेट्स पुठ्ठ्याच्या ६ मिमी पट्टीवर घालून इस्त्री करा, कच्च्या टाक्याने खालपर्यंत बांधा आणि एक रात्र जड पाट्याखाली ठेवा. पट्ट्याला जोडल्यावरच कच्चा टाका सोडा. मागची शिवण वरून चार सेंमी उघडी ठेवून तिथे एक टिचबटण लावलं की परकर झाला.

नऊवारी

नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर, त्याचा सहावा हिस्सा १३७ सेंमी. रुंदी ४५ इंच, तिचा सहावा हिस्सा १९ सेंमी. रुंदी तेवढीच ठेवा. लांबी मात्र हिशोबाने घेतली तर बाहुलीच्या पोटावर निऱ्यांचा गठ्ठा बसतो. ९५ सेंमी ते एक मीटर पुरे, हे मी चार लुगडी नेसवून-सोडून ठरवलं आहे. ते चालू असताना शेजारची काकी दारात उभी राहून म्हणाली, "गो, बावलेक लुगडा नेसवतंस, आणि तू मात्र गाऊनात!" उत्तर नव्हतं.

लहान कापडाला स्वतःचं वजन नसतं. आपल्या अंगावर लुगडं लोंबतं, बाहुलीच्या अंगावर ते तंबूसारखं उभं राहतं. यावर उपाय आपल्या चुलीवर आहे: भाताची पेज. पातळ, गाळलेली, कोमट. लुगडं तिच्यात बुडवून हलकं पिळा. बाहुलीला मानेपासून पायापर्यंत प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळा, कंबरेला ३ मिमीची रिबन बांधा आणि ओल्या कापडानेच नेसवायला घ्या. सगळं खोचायचं ते या रिबनीत. खऱ्या लुगड्याला गाठ असते, इथे गाठ मारली तर तिचा लिंबाएवढा गोळा दिसतो.

एका टोकापासून साधारण २५ सेंमी कापड निऱ्यांसाठी समोर सोडून, तिथून पुढचं कापड कंबरेभोवती एक वेढा घालून खोचत न्या. उरलेलं मागून पुन्हा समोर आणून डाव्या खांद्यावर टाका. तो पदर. त्याची लांबी आत्ताच ठरवा, गुडघ्याच्या खाली नको. समोर सोडलेल्या भागाच्या एक-एक सेंमीच्या निऱ्या करून मधोमध खोचा. मग निऱ्यांची खालची कड मधोमध धरून दोन पायांमधून मागे घ्या, वर नेऊन काठ दिसेल अशी चुणून पाठीशी खोचा. हा कासोटा. काठ सुटा राहून दोन्ही पोटऱ्यांवर तिरका आला तर नेसवणं जमलं. कोळणीसारखं हवं असेल तर आधीच रुंदी १५ सेंमी घ्या आणि कासोटा घट्ट ओढा, काठ गुडघ्याशी येतो.

प्रत्येक घडी जिथे हवी तिथे दोऱ्याचे सैल वेढे घालून बांधा आणि पंख्याखाली वाळू द्या. पूर्ण वाळल्यावर दोरे काढले की घड्या जागच्या जागी राहतात. काढता-घालता यावं म्हणून निऱ्या आणि कासोटा रिबनीलाच लपत्या टाक्यांनी शिवून टाका, रिबन मागे उघडी ठेवा आणि पदराला खांद्यावर एक टिचबटण लावा. पदराची वरची कड उघडी दिसते. तिथे पिको करू नका, जाड होते. जरीचा एक धागा फेविकॉलने चिकटवला की दुसरा काठ तयार.

पेजेचं काम ऑक्टोबर ते मे एवढंच करा. पावसात ती वाळत नाही, आंबते, आणि नंतर कसर लागते.

वळेसर, नथ, वहाणा आणि इरलं

अबोलीचा वळेसर दिसतो अवघड, होतो सोपा. भरतकामाच्या अबोली रंगाच्या दोऱ्याच्या सहा पदरांतले दोनच घ्या आणि एक-एक सेंमीचे तुकडे करा. हिरवा दोरा दोन टाचण्यांमध्ये ताणून बांधा, वळेसर गुंफताना करतो तसाच प्रत्येक तुकडा त्याला मधोमध गाठीने बांधा आणि गाठी एकमेकींना चिकटवत न्या. चार सेंमीला माझ्या साधारण पस्तीस गाठी लागतात. शेवटी टोकं दोन मिमीवर छाटा. बाहुलीचे केस ओले करून खोपा घाला, काळ्या दोऱ्याने बांधा आणि वळेसर त्याच्याभोवती टाचा.

नथीला तांब्याची किंवा पितळेची तार वापरू नका. तांबं बाहुलीच्या प्लॅस्टिकशी लागून हिरवा डाग पडतो आणि तो आत उतरतो. जुन्या बार्बींच्या कानांशी असे हिरवे डाग असतात, ते कुड्यांमुळेच. चांदीची तार किंवा नुसता पांढरा दोरा घ्या. ११ नंबरचा मणी दोन मिमीचा असतो, तिच्या नाकावर तो बोराएवढा दिसतो. १५ नंबरचे मागा. नाकाला भोक पाडण्याच्या फंदात पडू नका, पाण्याने निघणाऱ्या गोंदाचा ठिपका लावून चिकटवा. काळ्या पोतीचं मंगळसूत्र याच मापात ओवता येतं.

वहाणांसाठी चामडं शोधू नका. पोफळीखाली पडलेली विरी, म्हणजे पानाच्या देठाकडचं रुंद आवरण, उचला, अर्धा तास पाण्यात ठेवा. ती चामड्यासारखी वळते आणि कात्रीने कापता येते. पायाच्या आकाराचे दोन तळ कापा, अंगठा म्हणून विरीचीच बारीक पट्टी तळाच्या चिरेतून खाली ओढून चिकटवा आणि बाहुलीच्या पायालाच बांधून वाळू द्या. बार्बीचा पाय टाचेशी उचललेला असेल तर टाचेखाली विरीचे तीन-चार तुकडे एकावर एक चिकटवावे लागतात. नऊवारीवर उंच टाचा थोड्या विनोदी दिसतात, पण तिचे पाय तिला जन्मतःच तसे मिळालेत. सपाट पायांची बाहुली मिळाली तर तीच घ्या.

सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी भातुकली आणणार असाल तर बाहुली बरोबर न्या. तिथलं जातं, पाट, पोळपाट सुरेख असतात, पण सगळी एका मापाची नसतात. तिच्या हातात देऊन बघूनच घ्यावीत.

इरलं, म्हणजे पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं पानांचं आच्छादन, मला सगळ्यात आवडतं. खराट्याचे हीर रात्रभर भिजवा म्हणजे मोडत नाहीत. चाकूने उभे चिरून अर्धे करा आणि त्यांची तिरकी, षटकोनी भोकांची जाळी विणा, १६ बाय १२ सेंमीची. अशा दोन जाळ्या लागतात. मध्ये घालायला पळसाची किंवा फणसाची पानं. ती सुकली की चुरा होतात, म्हणून एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी एकत्र करून थंड झाल्यावर त्यात पाच-सहा दिवस बुडवून ठेवा. पानं तपकिरी होतात पण लवचिक राहतात. पुसून घ्या, कौलांसारखी एकावर एक रचा, खालून सुरुवात करून वर जात. वरून दुसरी जाळी ठेवा आणि कडेने काथ्याच्या एका धाग्याने शिवत जा. जाळी ओलसर असतानाच लांबीत मधोमध वाकवून वरचं टोक निमुळतं बांधायचं, होडी उपडी घातल्यासारखं. तेवढ्यासाठी मी ते एका नारळाच्या करवंटीवर बांधून ठेवते.

पावसाळ्यात

जूनच्या आधी सगळे कपडे बाहुलीवरून उतरवा. पेजेचं लुगडं साध्या पाण्याने धुऊन, नुसतं कडक उन्हात वाळवून ठेवा, पुन्हा नेसवताना पेज पुन्हा लावता येते. प्रत्येक बाहुली पांढऱ्या मलमलीत गुंडाळा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. औषधांच्या बाटल्यांतून येतात त्या जमवून ठेवा. डांबराच्या गोळ्या बाहुल्यांच्या डब्यात नकोत, प्लॅस्टिक मऊ पडतं. सुया, टाचण्या कपड्यात टोचून विसरू नका. इथल्या हवेत त्या पंधरा दिवसांत गंजतात आणि गंजाचा डाग धुऊन जात नाही. विरीच्या वहाणांना आणि इरल्याला बुरशी येतेच. ती चुलीच्या वरच्या फळीवर, धुराच्या वाटेत ठेवा, जिथे पूर्वी खरं इरलं टांगलेलं असायचं. गॅसवाल्या घरात फ्रिजच्या मागची उबदार जागा चालते.